प्रायॉरिटी हाय

३ मार्च, सोमवार
काल्हेरच्या या गोडाऊनात सॉफ्टवेअर इंजिनिअर मी एकटाच. म्हणजे विभागप्रमुख. पट्ट्यावर खोके पुढे जातात, लेबलं मागून येतात, अशी मालक दौलतशेठची तक्रार. प्रोग्राम उघडला. बारकोड वाचणं, लेबल छापणं, स्क्रीन, स्क्रीनवरचं स्टॉप बटण. चार कामांचे चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे धागे; ज्याची प्रायॉरिटी वरची, त्याला कम्प्युटर आधी वेळ देतो. इथं चौघांची सारखीच. आधीचा इंजिनिअर फारच समतावादी. उद्या लेबलची प्रायॉरिटी हाय. एका ओळीचं काम. पगारवाढीचं नंतर बोलू.

४ मार्च
लेबलं धडाधड. शेठना लगेच फोन केला. संध्याकाळी पट्टा सांभाळणारी मेघाली सांगत आली, दुपारपासूनचे सगळे खोके पडघ्याच्या एकाच हौसाबाईंच्या नावे निघालेत. बारकोड वाचायला कम्प्युटरला वेळच मिळाला नाही. वेगाचा प्रश्न मात्र सुटला.

५ मार्च
बारकोडही हाय. पत्ते बरोबर. स्क्रीन गोठली. मेघालीनं विचारलं, आता बघायचं कुठं? म्हटलं, पट्टा समोरच आहे.

६ मार्च
स्क्रीनही हाय. वेग सोमवारइतकाच, पण आता त्यामागे विचार आहे. स्टॉप बटण क्वचितच लागतं, त्याला लो केलं. उद्या लेबलला सगळ्यात वरची, रिअलटाइम. मॅन्युअलमध्ये लाल अक्षरांत इशारा आहे. नवशिक्यांसाठी असावा.

७ मार्च, दुपारी
मेघालीची ओढणी रोलरमध्ये गेली. तिनं स्टॉप दाबलं. पट्टा चालूच. मी दाबलं. माऊसही हलेना. मी तिला सांगितलं, कमांड रांगेत आहे, जरा थांब. तिनं गळ्यातली ओढणी कशीबशी सोडवली. फोर्कलिफ्टवाल्या हिरामणनं धावत जाऊन मेन स्विच पाडला.
ती खोक्यावर बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, थांब म्हटलं की थांबलं पाहिजे. बाकी सगळं नंतर."
आज अक्षर वाकडंतिकडं येतंय. चहा जास्त झाला असणार.

८ मार्च, शनिवार
सगळ्या प्रायॉरिटी पूर्ववत. मेघालीला म्हटलं, नवी ओढणी आणून देतो. ती म्हणाली, ओढणी नको, पट्ट्यालाच लाल बटण बसवा. शेठनी ते बसवायला ठाण्याहून माणूस बोलावला. प्रोग्रामही तोच बघणार. मग माझं काय, असं विचारलं.
शेठ म्हणाले, "नोकरी हाय. खुर्ची न्हाय."
तूर्त लेबलं हातानं चिकटवतो. उभ्यानं. मेघालीच्या हाताखाली.