सेंटर फॉरवर्डचं जेवणखाण

ब्रॅकनशॉ, एप्रिल १८९५
रविवार, चॅपलहून आल्यावर

प्रिय टामारताईस,

डॉर्कसचा नमस्कार, भावजींनाही सांग. त्यांच्या गुडघ्यांना समुद्राची हवा मानवते आहे का ते कळव, आणि तुझा खोकला गेला का तेही. (कांद्याचा रस आणि मध घे ताई, डॉक्टरची बाटली नको.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. हे पत्र मी परसातल्या कोळशाच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसून लिहिते आहे, कारण पुढच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी आहे, आणि रस्त्यावर ब्रॅकनशॉची माणसं आहेत. कागदावर काळे डाग दिसतील ते कोळशाचे. अक्षर वाकडं आहे ते मात्र माझ्या भीतीमुळे.

मागच्या ऑगस्टात तुला कळवलंच होतं की आमच्या रोव्हर्स फुटबॉल क्लबने स्कॉटलंडहून लॅक्लन गिलफिलन नावाचा सेंटर फॉरवर्ड (म्हणजे गोल करणारा गडी) आणला आणि तो माझ्याकडे जेवूनखाऊन राहायला ठेवला. कमिटीचे अध्यक्ष ऑर्मरॉडसाहेब (आमच्या गिरणीचे मॅनेजर तेच) स्वतः दारात येऊन म्हणाले, "हिंडलबाई, गावाची ठेव तुमच्या घरात ठेवतोय." मी तेव्हाच हात जोडून नको म्हणायला हवं होतं. पण आमचे हे गेल्यापासून जिन्यावर कुणाच्या तरी बुटांचा आवाज यावा असं फार वाटायचं. आणि पोरगा गुणी निघाला. खाणीतल्या मजुराचा, नऊ भावंडांतला, जेवल्यावर आपली थाळी आपण विसळून ठेवणारा. बोलतो इतकं कमी की पहिला आठवडाभर मला वाटलं, त्याला आपली भाषाच येत नाही.

सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. कुणीतरी विचारलं, आज खाल्लंस काय बाबा, तर हा म्हणाला, हिंडलबाईंनी केलेली मटण-बटाट्याची हंडी. झालं. टॅटरसॉल खाटीक माझ्यासाठी मानेचं मटण वेगळं काढून ठेवायला लागला. चॅपलात शेगडीजवळच्या बाकावर मला जागा मिळायला लागली. शेजारची पेशन्स शटलवर्थ, जिने माझी चाळण नेली ती परत द्यायचं नाव घेत नाही, ती हंडीची कृती विचारायला आली. खोटं कशाला बोलू, मी फुगले. मिरीत गुपित आहे म्हणून सांगितलं. (गुपित कसलं आलंय, आई करायची तशीच करते.)

नोव्हेंबरात पाऊस लागला आणि मैदानाचा चिखल झाला. चेंडू लाथ मारली तिथेच रुतून बसायचा म्हणे. लॅक्लनने तीन शनिवार गोल केला नाही. आता कुणीही शहाणा माणूस चिखलाला नावं ठेवील. पण चिखलाला रस्त्यात गाठून जाब विचारता येत नाही, मला येतो. पहिल्या शनिवारी बायका गप्प झाल्या, दुसऱ्या शनिवारी बाकावरची जागा गेली, आणि तिसऱ्यानंतर कमिटीचे तिघेजण माझं स्वयंपाकघर तपासायला आले. त्यांनी चरबीच्या भांड्यात बोट बुडवून चाटलं, पीठ हुंगलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि पोराला रोज सकाळी वाइनमध्ये कच्चं अंडं फेटून द्यावं असा हुकूम करून गेले.

ताई, तुला नटॉलबाईंचं माहीत नाही म्हणून तू हसत असशील. मागच्या वर्षी गोलकीपर त्यांच्याकडे राहायचा. त्याने एका सामन्यात नऊ गोल आत जाऊ दिले. त्याच संध्याकाळी सगळी गल्ली तवे, पातेली, घमेली बडवत त्यांच्या दाराशी गेली आणि गवताची बाई करून, तिला नटॉलबाईंचाच एप्रन बांधून, ती जाळली. (एप्रन दोरीवर वाळत होता तो नेला.) नटॉलबाई दुसऱ्या दिवशी लेकाकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्या वेळी पेशन्सने माझी कढई उसनी नेली होती, त्यामुळे ती किती वाजते हे मला चांगलं ठाऊक आहे. मी तेव्हापासून एप्रन बाहेर वाळत घालत नाही, पलंगाखाली दोरी बांधून घालते. तो वाळत नाही, वास मारतो, पण घरात राहतो.

शनिवार तर मला नकोसाच झाला आहे. गिरणी दुपारी सुटते, सगळे मैदानाकडे पळतात आणि गल्लीत मी आणि मांजरं. मी जन्मात सामना पाहिलेला नाही, पण कौलांवरून आवाज येतो त्यावरून मला सगळं कळतं. आपला गोल झाला की आवाज फुटतो आणि बराच वेळ चालतो. त्यांचा झाला की काहीच ऐकू येत नाही, आणि मी उठून दाराची कडी पुन्हा तपासते. माणसं परत यायला लागली की मी दिवा लावत नाही, शेगडी विझवते आणि घरात नाहीच असं दाखवते. मग लॅक्लन येतो, मागच्या दाराने, चिखलाने भरलेला, आणि आम्ही दोघं अंधारात थंड मटण खातो. त्यालाही माझ्याइतकीच धास्ती. क्लबने काढलं की परत खाण.

आता खरी गोष्ट ऐक. जानेवारीपासून त्याच्या खेळायच्या विजारीचं बटण तुटायला लागलं. मी शिवते, शनिवारी तुटतं. बटण सरकवलं, पुन्हा सरकवलं, शेवटी कमरेला कापडाचा तुकडा जोडला. मला वाटलं नवा साबण कापड आटवतो, म्हणून दुकानदाराशी भांडलेसुद्धा. मग परवा बुधवारी मी टॅटरसॉलकडे मागच्या दाराने गेले (पुढच्या दारी बायका असतात), तर आत लॅक्लन बसलेला, पुढ्यात वजडी आणि कांद्याचं हे एवढं भांडं. टॅटरसॉलचा चेहरा पडला. म्हणाला, "हे बघ डॉर्कस, तुला कमी लेखायचं नाहीये. पण तुझ्या हातचं खाऊन पोराची ताकद गेली, तर कुणीतरी काहीतरी करायला हवं ना. बाहेर बोलू नकोस हं, लोक म्हणतील मी पुढंपुढं करतो."

मी पोराला कानाला धरून घरी आणलं. मग एकेक बाहेर यायला लागलं. खाटकाकडून तो पेशन्सकडे जातो, तिथे खुरांचं सूप. मग चॅपलच्या पाद्रीणबाईंकडे चरबीचं पुडिंग. दर गुरुवारी खुद्द ऑर्मरॉडसाहेबांकडे चॉप्स. जो तो गुपचूप, जो तो समजतो की माझ्या स्वयंपाकावर उतारा आपणच एकटे देतो आहोत. आणि एवढं सगळं रिचवून हा माझ्याकडे येऊन माझी हंडीही संपवतो, मला वाईट वाटू नये म्हणून. खाऊन जड होतो, जड झाला की धावता येत नाही, धावला नाही की गोल नाही, आणि गोल नाही की गाव म्हणतं हिंडलबाईने पोराला उपाशी मारलं, आणखी वाढा. मी म्हटलं, मेल्या, तुला नको म्हणता येत नाही का? तर मान खाली घालून म्हणतो, "आमच्या घरी आणखी वाढू का असं कुणी कधी विचारलंच नाही, हिंडलबाई. नको कसं म्हणतात ते शिकायची वेळच आली नाही."

मी पेशन्सला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, आपलं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू नकोस, माझ्या घरात नाताळपासून खूर शिजलेलं नाही. तिच्या मागे चुलीवर भांडं रटरटत होतं आणि आम्ही दोघी त्याचा वास घेत उभ्या होतो. कोण कबूल करणार, ताई? आता येत्या शनिवारी सीझनचा शेवटचा सामना आहे. रोव्हर्स तळाला आहेत. जिंकले तर पहिल्या डिव्हिजनमध्ये राहतील, हरले तर खाली, लॅक्लन खाणीत आणि माझ्या दाराशी पातेली. काल सकाळी दारावर कुणीतरी खडूने एप्रन काढून ठेवला होता. पुसला तर त्याच आकाराचा ओला डाग उमटला, म्हणून तो रस्त्यावरून दिसू नये यासाठी मी दारच उघडं ठेवलं, तर पेशन्स आत डोकावून गेली.

एवढ्यात ऑर्मरॉडसाहेबांनाच सुचलं की पोराला सामन्याआधी आठवडाभर समुद्राची हवा द्यावी. "तुमच्या स्वयंपाकघरापासून जितकं लांब तितकं बरं," असं माझ्या तोंडावर म्हणाले. मी अपमान गिळला आणि म्हटलं, माझी बहीण समुद्रावरच राहते. भावजींना आणि कोंबड्यांना नमस्कार. सांभाळून राहा.

तुझी धाकटी,
डॉर्कस

ता. क. हे पत्र तुझ्या हातात देणारा तरुण तोच. त्याचा घेर पाहून घाबरू नकोस. शुक्रवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ ओटची पातळ लापशी, बाकी वेळ वाळूत पळव. कपाटाला कुलूप लाव. भावजींना बजावून सांग, कोळंबी दाखवायचीसुद्धा नाही. माझी इज्जत तुझ्या कुलपात आहे.

ता. क. २. त्याची पेटी जड लागेल. तो समजतो मी बूट घातले आहेत. आत माझी चांगली बशा-पेल्यांची जोडी, घड्याळ आणि हिवाळी कोट आहे. शनिवारी हरलो तर मी संध्याकाळच्या गाडीने येते आहे, तुझ्याकडची मागची खोली झाडून ठेव. जिंकलो तर पेटी परत पाठव आणि कुणाला बोलू नकोस.

ता. क. ३. सोमवार सकाळ. गाडीला वेळ आहे म्हणून तो बाहेर पायरीवर बसला आहे. मी त्याला आज नुसती लापशी दिली. त्याने वाडगा विसळला, आभार मानले, आणि काही मागितलं नाही. मागेल असं वाटून मी दारात उभी राहिले होते, पण नाहीच मागितलं. ताई, वर लिहिलं आहे त्यातलं लापशीचं तेवढं खोडून टाक. मी त्याला वाटेत खायला हंडी बांधून दिली आहे. तू रोज त्याला विचार, आणखी वाढू का, आणि हो म्हणाला तर वाढ. खोली मात्र आजच झाडून ठेव.