धोंडव्वाचे दोन्ही हात

काकती,
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप परशराम आप्पांस,
पुतणी सौम्याचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. कारखान्यात दिवाळी संपायच्या आत कामावर बोलावलं. दिवसभर ओतीव लोखंडाची कास्टिंग तपासून घरी आले की पेन धरायला बोटं वळत नाहीत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेजची अक्षरं तुमच्या बोटाखाली सापडत नाहीत, म्हणून आपलं हे टपाल चालू ठेवलंय.

आता आपल्या धोंडव्वाचं, फाशांच्या खेळातल्या आपल्या दोघांच्या बाईचं. रविवारच्या खेळात सगळ्यांचे गडी पाचव्या पायरीवर चढले. माझ्याबरोबर खेळणाऱ्या शामूचा लढवय्या आता एका दमात दोन वार करतो. आपली बाई तीन पायऱ्या तलवारीच्या आणि दोन मंत्रांच्या, त्यामुळं तिला ना दुसरा वार मिळाला, ना आगीचा गोळा. शामूचं म्हणणं, आता एक काहीतरी सोडा, दोन विद्यांच्या नादात ती मागं पडली. खरं सांगायचं तर मलाही कधी कधी तसं वाटतं.

पण सोडायची कशी? गेल्या साली कानाच्या तपासणीला बेळगावात आलात, आमच्या टेबलावर बसलात, कागदावरच्या माणसांना आम्ही फासे टाकून लढवतो ते बघून पोट धरून हसलात, आणि माझ्या मांत्रिकिणीच्या हातात तलवार दिल्याशिवाय उठला नाहीत. तेव्हाच ठरलं की तलवारीचं तुम्ही बघायचं, मंत्राचं मी, आणि तुमच्या पत्रात असेल त्यातलं अक्षरही बदलायचं नाही. पुढच्या वेळी पुलावर लढाई आहे. तिनं हातात काय धरायचं ते कळवा. मंत्राला एक हात रिकामा लागतो, एवढं ध्यानात असू द्या.

दुसरं मागचंच. काकींना अर्धांग होऊन दीड वर्ष झालं. उठवणं, अंघोळ, भरवणं, सगळं तुम्ही एकटे करता. युवराजदादा बापामागोमाग पलटणीत गेला, त्याला सुट्टी नाही. निपाणीतल्याच जयाबाई रोज सकाळी तीन तास यायला तयार आहेत, त्यांना या कामाची सवय आहे. एकदा हो म्हणा.

काकींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

आपली,
सौम्या


निपाणी,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौम्यास,
आप्पाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या अंबूकाकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला बोलणं फुटत न्हाय, पण धोंडव्वाचं नाव निघालं की तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातनं हसती.

त्या शामूला सांग, माणसाला दोन्ही कराय येतंय. पलटणीतनं हवालदार म्हणून रिटायर झालो, आता भाकरी थापतोय, धुणं धुतोय, अंबूची वेणी घालतोय. वेणी वाकडी होतीया, ते सोड. पलटणीत ह्यातलं एक तरी शिकवलं होतं व्हय? अंगावर पडलं की येतंय. धोंडव्वाचं काय सोडू नको.

पुलावर उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल. काय वाट्टेल ते होऊ दे, ढाल खाली ठेवायची न्हाय. पुलावर ढाल टाकून उभा ऱ्हाणारा शहाणा मी अजून बघितला न्हाय. रिकाम्या हाताचं तू म्हणालीस ते वाचलं. रिकामा हात म्हंजे मला आळशी माणूस वाटतोय.

जयाबाईचं नको. परक्या बाईनं अंबूला उचलायचं आणि मी कट्ट्यावर बसून पेपर वाचायचा, हे माझ्यानं व्हायचं न्हाय. तू आपली जेवत जा वेळेवर. लई वाळलीस असं तुझ्या बापानं सांगितलं.

आठवण धरून असावं.

तुझा,
आप्पा


काकती,
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आप्पांस,
सौम्याचा साष्टांग नमस्कार वि. वि.

काल पुलाची लढाई झाली. तुमच्या शब्दाप्रमाणं उजवीकडं तलवार, डावीकडं ढाल. मधली फळी मोडली आणि तेजस्वीचा गडी, तो वैद्य, खाली नदीत गेला. पडणाऱ्याला अधांतरी धरायचा मंत्र धोंडव्वाला येतो, मीच तो हट्टानं घेतला होता. खेळ चालवणाऱ्या, गोष्ट सांगणाऱ्या ओमकारनं विचारलं की कुठला हात रिकामा आहे. मी तुमचं पत्र त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि मग नदी किती खोल आहे ते सांगितलं.

तेजस्वीनं तो वैद्य दोन वर्षं सांभाळला होता. तिनं त्याच्या कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला उठली. सख्खी बहीण ती, पहिला कप मलाच दिला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मला राग खेळाचा नाही. खेळात गडी मरतात. पण धोंडव्वाला दोन्ही येतं म्हणून तिनं एकाच पाळीला दोन्ही करावं, असं कुठं आहे? ओमकारच्या नियमात एका पाळीला एकच काम. ज्याला एकच विद्या येते तो निदान शेजारच्याला हाक तरी मारतो. ज्याला दोन्ही येतात त्याला हाक मारायची लाज वाटते. आप्पा, हे मी धोंडव्वाचं लिहीत नाही, तुम्हाला कळतंय.

जयाबाई महिनाअखेरीपर्यंत थांबतील, मग दुसरीकडं लागतील. मी तीन पत्रांत तीनदा विचारलं. आता विचारायचाही कंटाळा आला. थकून लिहिते आहे, जास्त बोलले असेन तर पोटात घाला.

रागावलात तरी पत्र पाठवायचं थांबवू नये.

आपली,
सौम्या


निपाणी,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौम्यास,
आप्पाचे आशीर्वाद.

तेजस्वीला सांग, आप्पा चुकला. तिच्या वैद्याचं वाईट वाटलं. कागदावरचा असला म्हणून काय झालं, दोन वर्षं म्हंजे थोडी न्हाईत. ओमकारला लिहून दे की धोंडव्वानं ढाल टाकली. पुढची पायरी मंत्राला दे. तेजस्वी नवा गडी आणील तवा आपली बाई त्याच्या बाजूला उभी ऱ्हाईल, डावा हात रिकामा ठिवून.

घरचं म्हणशील तर घर म्हंजे खेळ न्हाय. मंगळवारी न्हाणीत आम्ही दोघं खाली बसलो. पडलो म्हणत न्हाय, बसलो. अंबूला काय लागलं न्हाय. माझा गुडघा जरा सुजलाय, तेल लावतोय. शेजारचा आण्णाप्पा आला म्हणून उठता आलं, ते बी खरं. पण रोज काय असं होत न्हाय. जयाबाईला न्हाय म्हणून कळव. माझं व्यवस्थित चाललंय.

पत्राची घडी घालून पाकीट चिकटवायचं काम तुझ्या काकीचं. डाव्या हातानं अर्धा तास लावती, पण मला हात लावू देत न्हाय. तेवढ्यासाठी तरी मोठी पत्रं लिहीत जा.

म्हाताऱ्यावर जीव असू द्यावा.

तुझा,
आप्पा


त्याच पाकिटात, वहीचा अर्धा कागद:

सौम्या,
डाव्या हाताचं हाय, लावून वाच. ह्यास्नी दाखवलं न्हाय.
जयाबाईला धाड. मला परकी चालती. ह्यास्नी मी बघते.
सकाळी माझ्या अंघोळीचं पाणी तापवताना हे रडत्यात. रोज. लई मोठ्यानं. स्वतःला ऐकू येत न्हाय, म्हणून त्यास्नी वाटतंय मलाबी येत न्हाय.

अंबूकाकी