काचेवरचा हात

३ जून, सोमवार
सातवी नापास माणसाला सत्तरीत खुर्चीवरची नोकरी लागली! नव्या दवाखान्यात बुद्धिमान यंत्र आलंय. काचेवर हात ठेवला की हृदयाची सगळी खबर सांगतं म्हणे. हिरवा दिवा लागला तर ठणठणीत, लाल लागला तर भरती. हात कसा ठेवायचा, ते रांगेतल्यांना दाखवायचं, एवढंच माझं काम. दारावर माझा मोठा हसरा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, ‘यंत्रानं मला वाचवलं.’ मला सर्दीपलीकडे कधी काही झालेलं नाही, असं जाहिरातवाल्या साहेबांना भीतभीत सांगितलं. ते म्हणाले, आजोबा, मग वाचलातच की! घरी बायको म्हणाली, फोटोत तरी हसलात, आमचं नशीब.

६ जून, गुरुवार
म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले हात यंत्राला वाचताच येत नाहीत. दिवाच लागत नाही. माझा हात तेवढा त्याच्या सवयीचा झालाय. रांग अडली की साहेब खुणावतात, मग मी हात ठेवतो. यंत्रात नाव त्यांचं, हात माझा. लगेच हिरवा. आज असे अकरा झाले. शिंपीणबाईंच्या छातीत दुखायचं. दिवा बघून निर्धास्त घरी गेल्या. मला काही हे बरं वाटत नाही.

११ जून, मंगळवार
हिला धाप लागते. लेक घेऊन आला. हिचा हात वाचेना. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणालो, तर म्हणते, तुमच्यावर नसला तरी फोटोतल्या माणसावर माझा भरवसा आहे. साहेब मागेच उभे होते. मी हात ठेवला.
हिरवा.

१४ जून, शुक्रवार
नर्स म्हणाली, शिंपीणबाई रविवारीच गेल्या. पण आज भरदुपारी त्या रांगेत होत्या. बोटात शिवणाचं अंगुस्तान. काचेवर हात ठेवला आणि पहिल्या खेपेला हिरवा. नर्सला तिथं कुणीच दिसलं नाही.

१५ जून
आज चौघे. सगळे माझ्या हातानं पास झालेले. आधी फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे. सगळ्यांना हिरवा. साहेब खूश. यंत्र आता म्हाताऱ्यांचे हातही वाचायला शिकलं म्हणाले.

१७ जून
आज सगळं सांगून टाकणार. हिला दुसरीकडे नेणार. लेकाला फोन केला. आई झोपलीय म्हणाला, उठवून आणतो—

रांग दाराबाहेर गेलीय—

ही आली. एकटीच. अनवाणी. लेक कुठाय विचारलं, तर आधी फोटोकडे बघते, मग माझ्याकडे. त्याचा फोन वाजतोय. मी घेत नाही. घेणार नाही—

काचेकडे निघालीय. अगं थांब. तुझा हात त्याला वाचता येत नाही. येत नाही. येता कामा नये—

ठेवला. दिवा—