खुर्ची न दिल्याचं कारण

३ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या अर्जावरून निघालेली अवमानाची नोटीस पोचली. कोर्टाच्या माणसाने भर गिऱ्हाइकांत हातात दिली. एक जण गालाला साबण तसाच ठेवून उठायला लागला, तेव्हा म्हटलं, बसा हो, बहिणीची खुशाली आहे.

बाबांची खुर्ची तीस दिवसांत तुझ्या पार्लरवर पोचवायचा लघुवाद न्यायालयाचा हुकूम मी पाळला नाही, म्हणून अठरा तारखेला लेखी कारण घेऊन हजर व्हायचं, नाहीतर तुरुंग, एवढं समजलं. अडचण त्या लेखीची आहे. शाळेतल्या रजेच्या अर्जापासून हिला लग्नाचं विचारण्यापर्यंत माझं सगळं लिखाण तूच केलंस. वकील मला ओळखत नाही, तू पुरती ओळखतेस. तेव्हा तुझ्याविरुद्धचं उत्तर तूच लिहून पाठव. कारणं मी पुरवतो: खुर्ची लोखंडी आहे, जमिनीला बोल्टांनी जखडलेली आहे आणि माझी कंबर धरली आहे.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर खटला चालू असला तरी माया चालू ठेव.

तुझा धाकटा

७ मार्च

चि. खुशालचेंडूस अ. उ. आ.

धन्य आहेस बाबा! फिर्याद मी करायची, उत्तर मी लिहायचं, मग तुरुंगातही मीच जाऊन बसते ना, तू दुपारची झोप मोडू नकोस.

तुझी कंबर गेल्याच महिन्यात मेहुण्याचं कपाट तीन मजले चढवून आली, हे तुझ्याच बायकोने कौतुकाने कळवलंय. बोल्ट चार आहेत. दहा वर्षांची असताना बाबांना पाना देत मीच ते आवळून घेतले. ही कारणं वाचून जज्जसाहेबांची छान करमणूक होईल.

बाबांनी दुकान तुला दिलं आणि खुर्ची मला, तीही चारचौघांत. दुकान तुला मुलगा म्हणून मिळालं. खुर्ची मला कशी मिळाली, हे त्यांना जाऊन तीन वर्षं झाली तरी तू कधी विचारलं नाहीस. तू बाहेर गोट्या खेळायचास तेव्हा तिच्यामागे उभी राहून मी वस्तरा धरायला शिकले. कोर्टात मी लोखंडासाठी गेले नाही, एवढं तरी डोक्यात शिरू दे. खरं कारण लिही, मग बघू.

आशीर्वाद भरपूर आहेत. अक्कल मात्र तुझी तुलाच आणावी लागेल.

तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस सा. न.

दुकानाचं दार अरुंद आहे. चालेल?

धाकटा

१२ मार्च

चि. यास आ.

नाही. खुर्ची त्याच दारातून आत आली होती.

ताई

१४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ही म्हणाली, ताईंशी कसली लपवाछपवी, त्यांना अंतर्ज्ञान आहे. मग घे खरं कारण.

बाबांची जुनी गिऱ्हाइकं अजून येतात. बसली की खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवतात आणि म्हणतात, हात बाबांचा नाही, पण खुर्ची तरी तीच आहे. तीन वर्षं रोज ऐकतोय. खुर्ची गेली तर ती माणसं कशाला येतील? बाबांचा हात तुझ्याकडे गेला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मलाही होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं. मला भीती वाटते गं.

हेच कोर्टाला लिहिलंय. खुर्ची तुझीच, हेही लिहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लिहिलं, म्हणून हसू नकोस.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. खुशालचेंडूस अ. उ. आ.

काल सुनावणी संपताच चोरासारखा पळालास, म्हणून हे लिहावं लागतंय.

जज्जसाहेबांनी तुझं उत्तर मोठ्याने वाचलं आणि मला काय म्हणायचंय ते विचारलं. महिनाभर पाठ केलेलं भाषण होतं माझ्याकडे, ते सोडून दिलं. मला हवं होतं ते मिळालं, एवढंच म्हणाले. मग खुर्ची कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, दुकानातच. माझी आहे हे त्याने लिहून दिलंय, आता ती कुठे ठेवायची ते मी बघीन. त्यांनी चष्मा काढला, आपल्या दोघांकडे बघितलं आणि नोटीस रद्द केली. पुढच्या वेळी घरीच भांडा, असंही म्हणाले.

हुरळून जाऊ नकोस. सोमवारी माझं पार्लर बंद असतं. दर सोमवारी तुझ्या दुकानात येऊन बाबांच्या गिऱ्हाइकांची दाढी मी करणार, आणि तू शेजारी उभा राहून बघणार. चाळिशीत का होईना, शिकशील.

आता मुद्द्याचं. काल तू माझ्या पुढच्या बाकावर होतास. तासभर तुझी मान बघत होते. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला खड्डा! कोणत्या गाढवाने कापले म्हणून चिडले, आणि मग लक्षात आलं. तुझे केस बाबा कापायचे. ते गेल्यापासून दोन आरसे लावून तूच कापतोयस, दुसऱ्या दुकानात जायची लाज म्हणून. रडूच फुटलं रे मला. शेजारच्या वकिलाला वाटलं, मी दावा हरले.

कोर्टाचा अवमान झालाच असेल तर तो त्या डोक्यामुळे. सोमवारी पहिलं गिऱ्हाईक तू. माया होती, आहे, राहील. फक्त मान हलवू नकोस.

तुझी ताई