आईची तालीम

सोमवार, १४ ऑक्टोबर
गुरुवारी निगा-विम्याची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या विम्याची, बाई आईला तपासायला येणार. शेवटी तारीख मिळाली. अर्ज मी केला, फोन मी केले, पाठपुरावा मी केला. आणि आमच्या वीबकेने काय केलं? श्टुटगार्टला बसून सल्ले दिले. उंटावरून शेळ्या हाकायला धाकट्या बहिणीसारखं कुणी नाही.

मामला सोपा आहे. आई चौऱ्याऐंशीची, समुद्राच्या बंधाऱ्यामागच्या त्या विटांच्या घरात एकटी. मी एम्डेनला, गाडीने अर्धा तास. हल्ली ती जरा विसरते, तिला सोबत हवी. विम्याने चांगली ग्रेड दिली की घरी राहणारी बाई ठेवता येते. एक म्हणजे जवळजवळ ठणठणीत, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेली. मला तीन हवी. तीन मिळाली की सगळं मार्गी. प्लॅन डोक्यात तयार आहे.

उद्यापासून खिडक्या पुसायच्या. परकं माणूस घरात येणार.

बुधवार, १६ ऑक्टोबर
खिडक्या झाल्या. पडदे धुवून, इस्त्री करून परत लावले. अंगणातल्या विटांच्या फटींमधलं गवत सुरीने काढलं. फ्रिजमध्ये एकसारखी चार लोण्याची पाकिटं आणि एक लोकरीचा हातमोजा होता. फ्रिजही साफ केला. आई केस सेट करून आली. शेजारची ओकामावशी कुंपणावरून म्हणाली, लग्न कुणाचं रे?

तिला काय कळणार. आम्हा उब्बेनांच्या घराकडे आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
लिंडहोर्स्टबाई आल्या, हातात टॅब्लेट. आईने गुलाबाच्या नक्षीचे कप काढले. तळाशी खडीसाखर, त्यावर चहा, कडेने साय, ढवळायचं नाही. रीतीप्रमाणे तीन कप. तिसऱ्यानंतर बाईंनी चमचा कपात ठेवला, म्हणजे आता बास, आणि आईने किटली खाली ठेवली. कपात चमचा दिसला की आमच्या भागातली बाई झोपेतसुद्धा ओतणार नाही.

अंघोळ तुमची तुम्ही करता का? आई म्हणाली, मग काय, मुलाला बोलावू? स्वयंपाक? आई म्हणाली, कालच वालपापडीचं सूप केलं. (सूप मी डब्यातून नेलं होतं. पण पाहुण्यांसमोर आईला खोटं पाडायचं म्हणजे काय!) आजची तारीख? आईने वारासकट सांगितली. मी कॅलेंडरवर आदल्या दिवशीच लाल गोल करून ठेवला होता, तो तिच्या समोरच होता.

जाताना बाई म्हणाल्या, किती टापटीप घर आहे. माझी मान ताठ झाली.

गाडीत बसल्यावर जराशी शंका आली. झटकून टाकली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
एक.

एक! एका ग्रेडमध्ये बाई सोडाच, बाईची चप्पलही परवडत नाही. वीबकेला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, तू खिडक्या पुसल्यास? अरे, ते बघायला आले होते तिला काय जमत नाही ते! आणि म्हणाली, ग्रेड गेली खड्ड्यात, आपण दोघं अर्धे अर्धे घालू, पण आत्ताच कुणीतरी ठेव.

मी म्हणालो, हक्काचं असताना पदरचं का घालायचं? अपील करणार. परत तपासणी येईल आणि या वेळी दिग्दर्शन माझं असेल.

हे उगाच नाही म्हणत. गावच्या हौशी नाटकमंडळीत मी इतकी वर्षं प्रॉम्प्टर आहे. प्रत्येक नटाचं प्रत्येक वाक्य मला पाठ. दिग्दर्शन मला कधी दिलं नाही, ही त्यांची चूक.

रविवार, १७ नोव्हेंबर
पहिली तालीम. साफ फसली. आईला समजावलं, विम्याचे साहेब आले की जरा विसरल्यासारखं करायचं, माझं नाव चुकवायचं, उठताना कण्हायचं. आई म्हणाली, मी काही खोटं बोलणार नाही, तुझ्या बाबांनी मला कधी खोटं बोलू दिलं नाही. मी म्हणालो, हे खोटं नाही, थोडं मोठं करून सांगणं आहे. आई म्हणाली, मासे विकणारे पण हेच म्हणतात.

अभिनयाचं अंग अजिबात नाही. धीर धरायला हवा.

रविवार, २४ नोव्हेंबर
कमाल! दार उघडल्या उघडल्या आई म्हणाली, हाब्बो, बूट बाहेर काढ, चिखल आहे. हाब्बो म्हणजे बाबा! बाबांना जाऊन सात वर्षं झाली. चेहरा इतका सहज, आवाजात तो जुना राग. मी दारातच 'वा' म्हणालो. ती गोंधळून बघत राहिली. तेही सुंदर केलं.

मी उगीच काळजी करत होतो. बी पेरलं की उगवायला वेळ लागतो.

रविवार, १ डिसेंबर
पहिला ॲडव्हेंट, नाताळाच्या तयारीचा पहिला रविवार. मी केक घेऊन गेलो. ओव्हन उघडला तर आत तिचे बूट, नीट जोडीने ठेवलेले. ही कल्पना मला सुचली नसती! मी टाळ्या वाजवल्या. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग बुटांकडे, मग हसली. म्हणाली, बरं जमलं ना? मी म्हणालो, आई, तू मोठी नटी झाली असतीस.

वीबकेला फोनवर सांगितलं. ती रडायला लागली. तिला नाटकातलं काही कळत नाही.

बुधवार, ११ डिसेंबर
सकाळी ओकामावशीचा फोन. आई बसस्टॉपवर सापडली. नाइटड्रेस, त्यावर बाबांचा कोट, पायात काही नाही, बाहेर पांढरं हिव पडलेलं. मावशीने स्वतःच्या मोज्यांत तिचे पाय घालून घरी आणली. मी तडक गेलो. आईला बजावलं, तालीम घरात करायची, रस्त्यावर नाही. ती म्हणाली, हो रे, चुकलं.

ओकामावशीने मला अंगणात गाठलं. म्हणाली, फोल्कर्ट, तू आंधळा आहेस की सोंग करतोस? मी तिला प्लॅन समजावून सांगितला. ती म्हणाली, तुझ्या प्लॅनला आग लागो, तिला एकटीला ठेवू नकोस. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नसतं.

अपिलाच्या तपासणीची तारीख आली. ३ फेब्रुवारी.

गुरुवार, २६ डिसेंबर
वीबके नाताळाला आली होती. दोन दिवस आईच्या मागे मागे. स्वयंपाकघरात मला धरून म्हणाली, एका पोलिश बाईशी बोलले आहे, पुढच्या आठवड्यात येऊ शकते. मी स्पष्ट नाही म्हणालो. बाई आली की आई न्हालेली, जेवलेली, विंचरलेली दिसणार. साहेब म्हणणार, छान चाललंय की! परत एक. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार.

वीबके म्हणाली, आणि तोपर्यंत तिला काही झालं तर?

महिन्याभराचा प्रश्न आहे. काय होणार? मी रोज फोन करतो. म्हणजे बहुतेक रोज. मुखत्यारपत्र माझ्या नावावर आहे, तेव्हा निर्णय माझा. वीबके आईला मिठी मारून निघाली आणि मला न भेटता गाडीत बसली.

रविवार, १२ जानेवारी
घरात जळका वास. चहाची किटली शेगडीवर कोरडी पडून काळी झालेली, खिडकीचा पडदा खालून खाल्ल्यासारखा जळलेला. आई शेजारच्या खोलीत पाठमोरी बसून घड्या घालत होती. कशाच्या ते विचारलं तर म्हणाली, धुणं. हातात काहीच नव्हतं.

मी म्हणालो, आई, हे जरा जास्त होतंय. ती म्हणाली, तुला नाही आवडलं का? आवाज लहान मुलीसारखा. मी म्हणालो, आवडलं, पण विस्तवाशी खेळ नको. शेगडीचा फ्यूज काढून खिशात टाकला. पडदा तसाच ठेवला, साहेबांना दाखवायला उपयोगी पडेल.

घरी येताना बंधाऱ्यावर गाडी थांबवून थोडा वेळ नुसता बसलो. कारण काही नाही. थकवा असेल.

शनिवार, २५ जानेवारी
कालव्यावर बर्फ धरलाय. पातळ आहे, बदकंसुद्धा चालत नाहीत. मी पोचलो तेव्हा आई कालव्याच्या काठाशी, अगदी काठाशी उभी. पिशवीत पाव. म्हणाली, हाब्बो पलीकडे आहे, त्याला जेवायला बोलवायचंय, बर्फ कधी जाड होणार?

मी नेहमीप्रमाणे 'वा' म्हणायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. दंडाला धरून तिला आत आणली. दंड फार बारीक लागला हाताला.

कुंपणापलीकडे ओकामावशीकडे गेलो आणि सांगितलं, आठवडाभर जरा जास्त लक्ष ठेवा. मावशी म्हणाली, माझ्या तर डोळ्याला डोळा लागत नाही, तू कधी लक्ष ठेवणार? उत्तर देण्यासारखं होतं, पण घाईत होतो.

मी घाबरलेलो नाही. नवा प्रयोग जवळ आला की असं होतंच. शिवाय आता फक्त नऊ दिवस. इतक्या जवळ येऊन बाई ठेवायची म्हणजे हातातोंडाशी आलेला घास टाकायचा.

सोमवार, ३ फेब्रुवारी, दुपार
साहेब नुकतेच गेले. हे ओकामावशीच्या टेबलाशी बसून लिहितोय. मावशी आईकडे गेली आहे.

क्रमाने लिहितो. ब्रूनिंगसाहेब, हसतमुख, टक्कल. मी स्वयंपाकघराच्या दारात, आईला दिसेन असा उभा. प्रॉम्प्टरची जागा. पहिला प्रश्न: तुमचं नाव काय? मी ओठ हलवून खूण केली, चूक सांग. आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाली, टोम्मा. आडनाव? ती विचारात पडली. टेबलावर हात फिरवत राहिली. मग माहेरचं आडनाव सांगितलं, आणि आई हाक मारतेय, मला जायला हवं म्हणाली.

हे आमच्या संहितेत नव्हतं.

मग चहा. शेगडीचा फ्यूज मी सकाळीच परत बसवला होता. गुलाबाचे कप. खडीसाखर, चहा, साय, सगळं नेमकं. मला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला, की पुन्हा ठणठणीत दिसणार. तीन कप झाले. साहेबांनी चमचा कपात ठेवला. आईने चौथा ओतला. साहेब नको नको म्हणाले, चमचा वर करून दाखवला, परत ठेवला. ती ओतत राहिली. कप भरला, बशी भरली, चहा गुलाबांवरून टेबलक्लॉथवर आणि साहेबांच्या मांडीवर आला. आई गोड हसत म्हणत होती, घ्या की, लाजता काय, आमच्या घरून कुणी तहानलेलं जात नाही.

मी दारात उभा. हे मी शिकवलं नव्हतं. हे कुणालाच शिकवता येणार नाही. आमच्याकडची बाई एक वेळ स्वतःचं नाव सोडेल, चमचा दिसल्यावर ओतणार नाही. नाटकातसुद्धा हात थांबतो. किटली मीच तिच्या हातातून काढून घेतली.

साहेबांनी जाताना माझा हात हातात घेतला. म्हणाले, निकाल पत्राने येईल, पण चारच्या खाली काही मी लिहिणार नाही. आणि म्हणाले, ही एकटी राहते? कधीपासून?

चार! मी तर तीनच मागितली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मगाशी पूर्ण लिहिलं नाही. मावशीकडे येण्याआधी काय झालं ते राहिलं.

साहेबांची गाडी वळल्यावर मी दार लावलं. टाळ्या वाजवल्या. म्हणालो, आई, जिंकलो आपण, झालं नाटक, आता बास. आई टेबलक्लॉथ पुसत होती. वर बघून म्हणाली, तुम्हीपण विम्याचेच का? बसा ना.

मी म्हणालो, आई, साहेब गेले. मी फोल्कर्ट.

ती म्हणाली, हो का, माझ्या मुलाचंही नाव तेच. मग खुर्ची ओढून जवळ बसली, दाराकडे बघून आवाज बारीक केला. म्हणाली, तुम्ही भले दिसता म्हणून सांगते. माझं डोकं चालत नाही हो. बुटांचं झालं तेव्हा मला कळलं. पण मुलाला यातलं काही सांगू नका. त्याला वाटतं मी नाटक करते. त्याने टाळ्या वाजवल्या हो, इतका खूश झाला. मग मी पण म्हटलं, असू दे. तो फार घाबरट आहे लहानपणापासून, त्याला हे सोसायचं नाही.

मी म्हणालो, नाही सांगणार.

माझा हात थोपटून ती म्हणाली, फार उपकार झाले. मग उठून माझा कोट घेऊन आली. पाहुणा फार वेळ बसला होता. मी कोट घातला, दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. तिने मला दारापर्यंत पोचवलं, परत या म्हणाली, आणि आतून कडी लावली.

पायरीवरूनच वीबकेला फोन केला. म्हणालो, त्या पोलिश बाईला बोलव, उद्याच बोलव, पैसे मी भरतो. ती फक्त हो म्हणाली. तोवर रात्री मीच इथे राहायचं असं ठरवलं. मग बेल वाजवली.

आईने दार थोडंसं उघडलं आणि म्हणाली, मुलगा अजून आलेला नाही.