रुमालाखालची सुंठ

तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. (टेकवलेलं डोकं वर काढायचा धीर होत नाही, कारण पुढे येईलच.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे? इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून.

व्यापारी मंडळाच्या शताब्दीसाठी इथल्या बाजाराचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (इतिहासाचा मास्तर, त्यात फुकटचा.) आधी मिठाच्या बदल्यात सुंठ, मग नाणी, मग हुंड्या, मग बँक, इथवर गाडी सुरळीत होती. नडला तो रुमाल. पूर्वी दलाल हातांवर रुमाल टाकून त्याखाली बोटं दाबून भाव ठरवत, शेजारच्याला पत्ता लागू नये म्हणून. जुन्या पेठेतले एक म्हातारे दलाल अजून तसंच करतात असं कळलं. म्हटलं, ऐकीव लिहिण्यापेक्षा अनुभव घ्यावा. हौसेला मोल नाही म्हणतात. आहे, मामा, पोत्यामागे ठरलेलं आहे.

त्यांनी रुमालाखाली माझी बोटं दाबली. मला वाटलं, शिकवताहेत. खाली काय चाललंय दिसेना, म्हणून घाबरून मी त्यांचा हात गच्च धरला. गच्च धरणं म्हणजे सौदा पक्का! चाळीस पोती सुंठ! मी म्हटलं, अहो, मी नुसता इतिहास लिहितोय. ते शांतपणे म्हणाले, "लिहा की. रुमालाखालचा शब्द इथे कुणी फिरवत नाही, हेही लिहा." (ते तर मी पहिल्याच प्रकरणात मोठ्या अभिमानाने लिहून बसलो होतो. फिरणार कुठे?)

हिच्या शिवणक्लाससाठी गच्चीवर खोली बांधायची होती, ते सगळे पैसे गेले. हिला ठाऊक नाही. ती गवंड्याला निरोप धाडते आणि मी उठून भांडी घासायला लागतो. पोती शाळेच्या प्रयोगशाळेत लपवली, तर सगळा वर्ग शिंकायला लागला. मुख्याध्यापक विचारताहेत, ही साथ कसली? मला फार भीती वाटते, मामा.

तुमचा भेदरलेला भाचा

ता. क. खोकल्याची चौकशी उगाच केली नव्हती. पोती टेम्पोने तुमच्याकडे निघाली आहेत. दाराशी हॉर्न वाजला तर पत्र राहू द्या, आधी दार उघडा.

ता. क. हिच्याजवळ अवाक्षर काढू नका.

ता. क. मामा, नमस्कार. मी सूनबाई. पत्र पाकिटात घालायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. टेम्पोवाला माझा मावसभाऊ, त्याला मी कोपऱ्यावरूनच परत फिरवला. तुमच्या खोकल्यापुरतं एक पोतं येतंय. बाकीची त्याच दलालांना विकली, चार पैसे वर घेऊन. गवंडी सोमवारी येतोय, तोवर ह्यांना काही सांगू नका. घाबरले की घरात भांडी घासतात. सौदा रुमालाखालीच झाला. मी हात शेवटपर्यंत सैल ठेवला होता.