वाकलेल्याला आशीर्वाद

॥ श्री ॥
मुलुंड, ता. ९ जानेवारी १९५६

चि. क्षमास आईचे अनेक आशीर्वाद.

चित्रांच्या प्रदर्शनात तुझं गाणं आहे ते कार्ड आणि शाल पोचली. तिकीट कमी होतं, दोन आणे नॉटपेड भरून पुडकं सोडवलं. शालीला बारा रुपये तरी पडले असतील. एवढा खर्च करू नकोस गं. इकडे ठीक. नानांचा खोकला कमी आहे. एकादशी झाली. दोघांना साबुदाणा तो किती लागणार, उरलाच.

शनिवारी मी म्युझियममध्ये येऊन गेले. नानांना मावशीकडे जाते म्हटलं होतं. दाराशी चपला काढल्या तर पहारेकरी म्हणाला, "बाई, हे देऊळ नव्हे." पण आत तुझं गाणं चालू होतं ना! चपला हातात घेऊन आले आणि फरशीवरच बसले. बाकी सगळे उभ्याने चित्रं बघत हिंडत होते. एक बाई मला वळसा घालून पुटपुटली, "ह्यांना कोणी खुर्ची द्या रे." चित्रांतलं मला काही कळलं नाही. तुझ्यामागे नुसता निळा रंग होता. पण आवाज ऐकला आणि हातांनी आपोआप ताल धरला. गुरुवारचं भजन आता आपल्याकडे होत नाही. पुढे म्हणायला कोणी नाही.

इथवर लिहून उठले होते. चहा करून पुन्हा बसले.

गाणं संपल्यावर तुझा नवरा आला. "आई, मी श्यामकांत," म्हणाला आणि सगळ्यांदेखत वाकला. मी पाय मागे घेतले. तुमच्या लग्नापासून घरात तुझं नाव निघत नाही. मी एकटीने आशीर्वाद कसा द्यावा, असं मनात आलं. तशीच निघाले. मागून तू "आई" म्हणालीस. ऐकलं होतं मी.

पोरगा वाईट दिसत नाही. त्याच्या सदऱ्याचं एक बटण तुटलंय, तेवढं लाव.

काल जेवताना नानांना खरं सांगितलं. बराच वेळ नुसता भात कालवत बसले. मग म्हणाले, "गायली कशी?" मी म्हटलं, "तुम्हीच जाऊन ऐका." उठले, हात धुतले.

येत्या शनिवारी शेवटचं गाणं आहे असं कार्डावर आहे. मी येणार. नानांचं सांगता येत नाही. श्यामकांताला म्हणावं, तेवढा नमस्कार पुन्हा कर. त्याचा आशीर्वाद इथे लिहीत नाही, समोर द्यायचा आहे.

वाकेल का गं तो? उलट टपाली कळव.

तुझी,
आई